पानिपत कोणी कसे लिहिले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर तालुक्यातील आमचा लहानसा वाचनगट दर पावसाळ्यात, भाताची लावणी आटोपली की, पानिपतावरचे निरनिराळे मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचतो. त्या निमित्ताने शाळांतील शिक्षक, पदव्युत्तर वर्गांचे विद्यार्थी आणि गणपतीला गावी येणारे चाकरमानी आम्हाला प्रश्न पाठवतात. त्यांपैकी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पानिपतावर नेमके काय झाले, ते आधी थोडक्यात सांगाल का?

बुधवार, १४ जानेवारी १७६१, म्हणजे पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२ या दिवशी सदाशिवरावभाऊंच्या हाताखालील मराठी फौज आणि अहमदशहा अब्दाली यांची लढाई झाली. अब्दालीच्या बाजूस रोहिल्यांचा नजीबखान आणि अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला होते. त्याआधी सुमारे अडीच महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर तळ देऊन बसली होती आणि रसद तुटल्यामुळे मराठ्यांच्या छावणीत माणसे व जनावरे उपाशी मरू लागली होती. लढाईच्या दिवशी दुपारी नानासाहेब पेशव्यांचे पुत्र विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ गर्दीत दिसेनासे झाले आणि संध्याकाळपर्यंत फौज मोडली. नानासाहेब पेशव्यांनी या धक्क्यानंतर अंथरूण धरले आणि २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. बाकीचा तपशील कोणाच्या शब्दांत वाचतो त्याप्रमाणे बदलतो, आणि पुढचे सगळे प्रश्न त्या बदलाविषयीच आहेत.

२. लेखकांची तुलना करायची म्हणजे कोण खरे आणि कोण खोटे हे ठरवायचे का?

तेही कधी ठरवावे लागते, पण ते इतिहाससंशोधनाचे काम आहे आणि तुलनात्मक वाचनाची सुरुवात तेथून करू नये. आमच्या गटात प्रत्येक मजकुरासमोर तीन गोष्टी लिहून घेण्याची पद्धत आहे : लेखक घटनेपासून किती वर्षे दूर आहे, त्याचे स्वतःचे काय गेले आहे, आणि तो कोणासमोर बोलतो आहे. यांतला तिसरा मुद्दा विद्यार्थी हटकून विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलगा गमावलेल्या आईसमोर लिहिलेले पानिपत, इंग्रज वाचकासमोर पोचलेले पानिपत आणि शाळकरी पोरांना तालावर म्हणता यावे म्हणून रचलेले पानिपत यांची लढाई एक असली, तरी प्रत्येकाला सांगण्याजोगा भाग निराळा वाटलेला असतो.

३. सगळे वाचायला वेळ नाही. कोणते मजकूर पुरेसे होतील?

नाना फडणीसांचे आत्मवृत्त (प्रश्न ४), काशीराजाचा वृत्तांत (प्रश्न ५), दोन बखरींपैकी एक (प्रश्न ६), त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ (प्रश्न ११) आणि गोविंदाग्रजांची ‘पानपतचा फटका’ ही कविता (प्रश्न १२). नानांचे आत्मवृत्त आकाराने लहान आहे आणि एका बैठकीत संपते, म्हणून त्यापासून आरंभ करावा.

४. नाना फडणीस स्वतः पानिपतावर होते. मग त्यांचेच लिहिणे सर्वांत विश्वसनीय मानायला नको का?

ते साक्षीदार होते हे खरे. लढाईच्या वेळी त्यांचे वय एकोणीसही पुरे नव्हते (जन्म १७४२), आणि आई व पत्नी त्यांच्याबरोबर छावणीत होत्या. परंतु हे आत्मवृत्त युद्धाचा अहवाल म्हणून वाचायला घेतले तर वाचकाची निराशा होते. त्यात तोफा कोठे होत्या आणि कोणत्या सरदाराची फळी कशी होती यापेक्षा स्वतःच्या मनाची झडती अधिक आहे. तरुणपणीच्या वासनांची कबुली, ईश्वरचिंतन आणि आपण वाचलो हे कोणाच्या कृपेने हा प्रश्न, यांच्या मधोमध पानिपत येते. अंगावरचे कपडे टाकून, गवतात लपत, उपाशीपोटी केलेली वाटचाल त्यांनी सांगितली आहे. मातोश्री त्या गर्दीत हरवल्या त्या कायमच्या, पत्नी मात्र पुढे सुखरूप भेटली.

पुढे अनेक वर्षे पुण्याच्या राजकारणाची सूत्रे हलवणारा आणि शब्द तोलून मापून वापरणारा हा माणूस येथे जवळजवळ उघडा बसलेला दिसतो. त्यामुळे ‘विश्वसनीय’ हा शब्द येथे कशाबद्दल वापरायचा, ते आधी ठरवावे लागते. वाचलेल्या माणसाला काय वाटते, याबद्दल नानांइतका विश्वसनीय साक्षीदार आपल्याकडे दुसरा नाही. व्यूहरचनेसाठी मात्र दुसरीकडे जावे.

५. काशीराज तर शत्रूच्या गोटातला. त्याचे कशासाठी वाचायचे?

काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौलाच्या पदरी होता. म्हणजे जन्माने इकडचा, चाकरीने तिकडचा, आणि तहाच्या बोलण्यांत दोन्हींकडचा. त्याने आपला वृत्तांत सुमारे १७८० साली फारसीत लिहिला आणि १७९१ साली जेम्स ब्राउन याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले. पेला आता काठोकाठ भरला असून एक थेंबही मावणार नाही, काही करता येण्यासारखे असेल तर करा, नाहीतर स्पष्ट उत्तर द्या, अशा आशयाची भाऊंची अखेरची चिठ्ठी त्यानेच आपल्यासाठी जपून ठेवली आहे. ‘शत्रूच्या गोटातला’ म्हणून हा मजकूर बाजूला सारणाऱ्याला भाऊंचा शेवटचा शब्दही बाजूला सारावा लागतो.

त्याची भाषा संयमी आहे. विश्वासराव पडल्यावर काही वेळाने सगळी मराठी फौज जणू जादू व्हावी तशी एकाएकी पाठ फिरवून पळाली, असे तो सांगतो आणि पुढे सरकतो. लढाईनंतर विश्वासराव व भाऊ यांचे देह मिळवून त्यांना अग्नी देण्याच्या खटपटीत तो स्वतः होता. तो भागही तो हुंदका न देता लिहितो. हा कोरडेपणा चाकरीमुळे आला, एकोणीस वर्षांच्या अंतरामुळे आला की स्वभावामुळे, यावर आमच्या गटात एक अख्खी संध्याकाळ वाद झाला आणि त्याचा निकाल लागला नाही. माझे स्वतःचे मत असे की, दोन्ही बाजूंचे मीठ खाल्लेल्या माणसाला मोठ्याने रडण्याची सोय नसते.

६. बखरी म्हणजे इतिहास की गोष्टी?

निबंधात हा प्रश्न अशा रीतीने मांडू नये, कारण बखरकाराला ही विभागणीच ठाऊक नव्हती. पानिपताच्या दोन बखरी प्रसिद्ध आहेत. ‘भाऊसाहेबांची बखर’ कृष्णाजी शामराव याच्या नावावर सांगितली जाते. ती लढाईच्या कितीतरी आधी, राघोबादादांच्या उत्तरेतील स्वारीपासून सुरू होते, म्हणजे अनर्थाचे मूळ शोधत मागे जाते. ‘पानिपतची बखर’ रघुनाथ यादव याने गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून लिहिली असे मानतात. गोपिकाबाई म्हणजे विश्वासरावांची आई. प्रश्न २ मधील तिसरा मुद्दा येथे लावून पाहावा : असा श्रोता समोर असताना लेखक पराभवाला भारती युद्धाची उंची देईल, मेलेल्याला अभिमन्यूच्या रांगेत बसवील, हे ओघाने आले.

बखरीचे दुसरे बळ तिच्या बोलीत आहे. नजीबखानाला पुरता बुडवू नये, नाहीतर पेशवे तुम्हा-आम्हाला धोतरे बडवायला लावतील, असा मल्हारराव होळकरांचा सल्ला भाऊसाहेबांच्या बखरीत येतो. ते शब्द मल्हाररावांनी तसेच उच्चारले की नाही, याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. सरदारांचा पेशव्यांविषयीचा संशय हे अपयशाचे एक कारण होते, हा निष्कर्ष बखरकाराने नदीकाठच्या धुण्याच्या एका प्रतिमेत बसवला, आणि पुढच्या इतिहासकारांना त्याच मुद्द्यासाठी पाने खर्च करावी लागली.

७. ‘दोन मोती गळाले’ हे सांकेतिक पत्र खरे आहे का? त्यातले आकडे प्रत्येक पुस्तकात वेगळे का?

नानासाहेब उत्तरेकडे येत असताना एका सावकाराच्या जासुदाजवळ ते पत्र सापडले, असे सांगतात. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार, आणि रुपये-खुर्दा म्हणजे ज्यांची गणती नाही ते शिपाई व बुणगे, म्हणजे फौजेबरोबरची बिनलढाऊ माणसे. जेम्स ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासात मोहरांचा आकडा सत्तावीस आहे. इतरत्र तो कमी-अधिक होतो. कंठस्थ झालेल्या मजकुराचे आकडे असे सरकतातच.

तुलनेच्या दृष्टीने या पत्राचे मोल निराळे आहे. शोकाला येथे हिशेबवहीची भाषा मिळाली आहे. पत्र सावकाराचे, म्हणून नुकसान नाण्यांत मोजलेले. आणि नाण्यांची प्रतवारी जशी, तशीच माणसांचीही. खुर्द्याची गणती करायची कोणालाच गरज वाटली नाही, ही गोष्ट त्या एका ओळीत जितकी स्वच्छ दिसते तितकी कोणत्याही बखरीत दिसत नाही.

८. ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ हा आकडा निबंधात वापरू का?

मृतांची संख्या म्हणून वापरू नये. लोकांच्या तोंडची शोकाची भाषा म्हणून जरूर वापरावा आणि तसे स्पष्ट लिहावे. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार आणि ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही कोटीही याच सदरात येते. ही कोटी आपण उधारी मागणाऱ्याला ऐकवतो तेव्हा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा त्या शब्दामागे पडलेला आहे, हे कोणाच्याही ध्यानात नसते.

९. लढाई इथून इतकी लांब झाली. कोकणाचा तिच्याशी संबंध काय?

रत्नागिरीपासून पानिपत सरळ रेषेतही सुमारे १४०० किलोमीटर आहे, तरी हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा येतो आणि त्याचे उत्तर सर्वांत लांब आहे. पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे, आणि नाना फडणीसांच्या पूर्वजांचे गाव वेळास. अठराव्या शतकात घाट चढून गेलेल्या कोकणी घरांची माणसे त्या मोहिमेत होती, आणि अनेक घराण्यांच्या कुलवृत्तांतांत एखाद्या नावापुढे ‘पानिपतावर पडले’ एवढीच नोंद सापडते. या नोंदीविषयी प्रश्न १५ मध्ये अधिक लिहिले आहे.

दुसरा संबंध लढाईनंतरचा आहे. भाऊंचा देह खात्रीने ओळखला गेला नाही असे मानणारे पुष्कळ होते, आणि त्या संशयातून भाऊंचा तोतया उभा राहिला. सुखनिधान नावाचा हा कनोजी ब्राह्मण रत्नागिरीच्या किल्ल्यात कैदेत होता. १७७६ साली तेथील सुभेदाराने त्याला मोकळे करून भाऊ म्हणून उभे केले आणि बघता बघता कोकणातील बरेच किल्ले त्याच्याकडे गेले. पुण्याहून फौजा उतरल्या, अखेर तो आंग्र्यांच्या हाती लागला आणि त्याच वर्षाच्या शेवटी पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. पंधरा वर्षांनंतरही इतक्या लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला याची राजकीय कारणे आहेतच, तरी मला त्यात न संपलेले सुतकही दिसते. न. चिं. केळकरांनी १९१३ साली ‘तोतयाचे बंड’ हे नाटक याच प्रकरणावर लिहिले. म्हणजे पानिपताचा एक उत्तरार्ध आपल्या किनाऱ्यावर घडला आणि तो रंगभूमीवर गेला. तुलनात्मक निबंधात त्याला जागा द्यायला हवी, आणि बहुतेक निबंधांत ती नसते.

१०. जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई जिवलग मित्र होते. तरी पानिपताच्या परिणामांबद्दल त्यांचे मत इतके उलट कसे?

सरदेसाई रत्नागिरी जिल्ह्यातील गोविलचे, सरकार बंगालचे. सरकारांनी मोगल साम्राज्याच्या ऱ्हासावरील ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात (१९३४) असे मांडले की, महाराष्ट्रात शोक करावा लागला नाही असे घर उरले नाही आणि नेतृत्वाची एक पिढीच एका फटक्यात कापली गेली. सरदेसायांनी आपल्या इंग्रजी इतिहासात (१९४६–४८) मनुष्यहानी भयंकर होती हे मान्य करून, या आपत्तीने निर्णायक असे काहीच ठरवले नाही, असा निष्कर्ष काढला. त्यांचा आधार असा की, त्या रणातून नाना आणि महादजी शिंदे हे दोघे वाचले आणि त्यांनी सत्ता पुन्हा उभी केली. १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत होते, हे त्यांच्या बाजूने सांगता येते.

दोघांनी कागद बहुतांशी तेच पाहिले होते. फरक प्रश्नात आहे. सरकार त्या दिवसाच्या संध्याकाळी उभे राहून किती गेले ते मोजतात, तर सरदेसाई तीस वर्षे पुढे जाऊन काय उरले ते पाहतात. मराठी वाचकाला सरदेसायांचे म्हणणे सुखावते आणि म्हणूनच ते अधिक कसून तपासावे. माधवराव पेशवे १७७२ साली, सत्ताविसाव्या वर्षी गेले नसते तर सरदेसायांचा युक्तिवाद अधिक भक्कम झाला असता.

११. शेजवलकर कशेळीचे, म्हणून तुम्ही त्यांची बाजू घेता, असे नाही का?

थोडेसे असेल. कशेळी आमच्याच तालुक्यात आहे आणि गावच्या माणसाचे पुस्तक हातात घेताना मन अगदी कोरे राहत नाही. पण त्यांची निवड दुसऱ्या कारणासाठी आहे. त्यांचे पानिपतावरील पुस्तक आधी १९४६ साली इंग्रजीत आणि नंतर, लढाईला दोनशे वर्षे झाली त्या १९६१ साली, मराठीत आले. मोहिमेकडे त्यांनी अखिल हिंदुस्थानच्या राजकारणाच्या चौकटीतून पाहिले आणि भाऊंवर वर्षानुवर्षे साचलेला गर्विष्ठपणाचा व हट्टीपणाचा ठपका कागदपत्रांच्या आधारे पुन्हा तपासला. नानांच्या लिहिण्यात शोक आहे, काशीराजात संयम आहे. शेजवलकरांत संताप आहे, तोही पुराव्यानिशी. शोकान्तिकेला दिलेला संशोधकाचा प्रतिसाद थंडच असला पाहिजे, ही समजूत त्यांच्या वाचनाने मोडते.

१२. फटका, नाटक, कादंबरी यांना ‘प्रतिसाद’ म्हणायचे का? ते तर कल्पित आहे.

म्हणायचे. गोविंदाग्रजांचा फटका द्वापारातील कौरव-पांडवांशेजारी कलियुगातील मराठे आणि गिलचे (अफगाण) उभे करून सुरू होतो. म्हणजे बखरींनी घेतलेला भारती युद्धाचा आधार दीडशे वर्षांनंतरही सुटलेला नाही. पण श्रोता बदलला आहे. आता समोर पारतंत्र्यातला मराठी माणूस आहे, आणि म्हणून दुहीचा मुद्दा वर येतो. फटक्याची ठेकेदार चाल शोकाला फार वेळ थांबू देत नाही, हा मला त्याचा दोष वाटतो. पाठांतराला मात्र तीच उपयोगी पडली. विश्वास पाटलांची ‘पानिपत’ (१९८८) ही कादंबरी त्याउलट थांबते : उपासमार, थंडी आणि छावणीतली कुजबुज यांसाठी तिच्याजवळ पाने आहेत, आणि आजच्या बहुतेक वाचकांच्या मनातले भाऊ याच कादंबरीतून आलेले आहेत. निबंधात कादंबरीतला संवाद ऐतिहासिक उद्गार म्हणून देऊ नये, एवढे पथ्य पाळावे.

१३. १७६१ साली ‘राष्ट्र’ होते का? मग ही ‘राष्ट्रीय’ शोकान्तिका कशी?

शंका रास्त आहे. बखरीत ‘दौलत’, ‘स्वामीकार्य’, ‘खावंद’ असे शब्द येतात, आजच्या अर्थाचे राष्ट्र येत नाही. हा अर्थ एकोणिसाव्या शतकात चिकटू लागला. मराठे ‘हिंदुस्थान हिंदुस्थानीयांचा’ यासाठी लढले आणि म्हणून तो पराभवही गौरवाचा, अशा आशयाचे मत इव्हान्स बेल या इंग्रज अधिकाऱ्याने मांडले आणि मराठी लेखकांनी ते आनंदाने उचलले. तेव्हा ‘राष्ट्रीय शोकान्तिका’ हे शब्द वापरताना ते कोणत्या काळातील लेखकाचे आहेत ते सांगावे. नानांच्या आत्मवृत्ताला ते लावले तर त्यांच्या हरवलेल्या आईवर अन्याय होतो.

१४. बायकांनी पानिपताबद्दल काय लिहिले?

आपण वाचतो त्या मजकुरांपैकी एकही बाईने लिहिलेला नाही, तरी बायका जवळजवळ प्रत्येक मजकुरात आहेत. नानांची आई हरवते. गोपिकाबाई ऐकणाऱ्या म्हणून बखरीच्या पलीकडे बसलेल्या आहेत. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई रणातून परत आल्या आणि पती गेला हे त्यांनी मानले नाही, सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत. पार्वतीबाईंच्या त्या नकारालाही प्रतिसाद म्हणूनच वाचावे असे मला वाटते. त्याचा एक धागा तोतयाच्या प्रकरणाशी जुळतो (प्रश्न ९).

१५. आमच्या कुलवृत्तांतात एका पूर्वजापुढे फक्त ‘पानिपतावर पडले’ असे आहे. त्याचा तुलनेत काही उपयोग होईल का?

फार चांगला होईल. लेखक अनाम आहे, श्रोता स्वतःच्याच घराण्याची पुढची पिढी आहे, आणि दोन शब्दांपलीकडे काहीही सांगितलेले नाही. त्या नोंदीच्या अलीकडे-पलीकडे पाहावे. त्याच पिढीतील इतरांच्या नावापुढे जमिनी, लग्ने, मुले यांचा तपशील आहे का? त्या पुरुषाची शाखा तेथेच ‘निर्वंश’ म्हणून थांबते का? पत्नीचे नाव तरी दिले आहे का? एका विद्यार्थिनीने आपल्या घराण्याच्या वंशवेलीत असे पाहिले, तेव्हा तिला पडलेल्याच्या धाकट्या भावाच्या मुलाला तेच नाव ठेवलेले आढळले. नामकरणही प्रतिसाद असू शकतो, हे आम्हाला तिच्याकडून कळले.

१६. लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, म्हणून ‘संक्रांत कोसळली’ म्हणतात, हे बरोबर ना?

नाही. १४ जानेवारी ही तारीख पाहून आपण आजचे पंचांग मागे लावतो. सूर्याचे मकरसंक्रमण इंग्रजी तारखांच्या मानाने हळूहळू पुढे सरकत आले आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली संक्रांतीला झाला, तेव्हा तारीख १२ जानेवारी होती. त्याआधी शंभर वर्षे ती आणखी अलीकडे, १० जानेवारीच्या आसपास येते. लढाईच्या दिवशी संक्रांत होऊन गेलेली होती. अलीकडच्या एखाद्या लेखात संक्रांतीच्या सणाचे आणि लढाईचे विरोधाचे चित्र रंगवलेले दिसले, तर ते नंतरच्या काळाची भर आहे असे समजावे.

१७. हीच रीत अलीकडच्या एखाद्या घटनेला लावता येईल का?

लावता येईल, परंतु अंतर कमी असल्यामुळे मजकुरांची जात बदलते. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली, आणि त्यासाठीची स्फोटके आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे उतरवली गेली होती. या घटनेची तुलना करायची असल्यास पहिल्या आठवड्यातील वृत्तपत्रांचे अग्रलेख, न्यायालयासमोरच्या साक्षी, आणि पाच-दहा वर्षांनंतरच्या कथा-कविता असे तीन ढीग वेगळे ठेवावेत. साक्षीत लेखक स्वतःहून बोलत नाही, विचारले तेवढेच सांगतो, म्हणून तिला नानांच्या आत्मवृत्ताशेजारी ठेवण्याआधी प्रश्न २ पुन्हा वाचावा. किनाऱ्यावरच्या वाड्यांतील लोकांशी बोलायचे असेल तर आधी ओळखीच्या माणसाला बरोबर न्यावे, ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्यावी, आणि एखाद्याने विषय बदलला तर तो बदलू द्यावा. तसे झाल्याची नोंद मात्र वहीत करून ठेवावी.